बाल्कनीतून दिसलेली मॅच

रविवारी सकाळी मुग्धाच्या क्लोनडॉकिनच्या घरून निघताना तिनं गळ्यात पिवळा-काळा मफलर अडकवला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही माझी मुलगी लहानपणी चेंडू दिसला की लांबून जायची. आणि आता म्हणे दर दुसऱ्या रविवारी दोन तास गाडी चालवून लिमरिकला मॅच बघायला जाते, तीही पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावच्या क्लबची! मी पस्तीस वर्षं जकात नाक्यावर काढली आहेत. ड्रायव्हर जास्त हसला की ताडपत्री उचलायची, हे अंगात मुरलेलं. मुग्धा सकाळपासून फार हसत होती.

माझ्या कोटाच्या खिशात पुण्याच्या फ्लॅटची चावी होती, नवं लॅच बसवल्यावर मुद्दाम तिच्यासाठी करून घेतलेली. मार्चमध्ये नोकरीचा करार संपला की कायमची परत येते, असं तिनं कबूल केलं होतं. पण मी इथे आल्यापासून मार्चचा विषय काढला की ती चहा टाकायला उठायची. त्यामुळे चावी माझ्याच खिशात राहिली होती.

हायवेच्या दोन्ही बाजूंना ओली हिरवी कुरणं. मेंढ्यांच्या पाठीवर मालकाची खूण म्हणून निळे-लाल फराटे मारलेले. नोंद असलेला माल बघून मला बरं वाटलं.

"हॉलमध्ये कोण कोण असतं?" पेट्रोल पंपावरचा चहा पिता पिता मी विचारलं.

"माणसं असतात, बाबा."

"पुरुष?"

"बाबा, प्लीज हां!"

लिमरिकला एका चर्चच्या मागे बुटका हॉल. आत पाऊल टाकताच सुकटीसारखा वास आला. बकल्याव (खारवून वाळवलेला मासा) शिजत होता. "मुग्धा!" असं ओरडत एक उंच तरुण पुढे आला आणि त्यानं तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. मी छत्री घट्ट धरली. तेवढ्यात त्याची बायको बाबागाडी ढकलत आली आणि तिनंही तेच केलं. त्यानं मला आधी बाळाचं कार्ड दाखवलं, मग बाळ. बाळ सोसिओ (क्लबचा सभासद) होतं. त्यांच्या गावात नाव आधी क्लबात घालतात, चर्चमध्ये नंतर. संशयित असा हातचा गेल्यामुळे मी जरा हिरमुसलोच.

जोआकिम मात्र नजरेत भरला. साठी उलटलेला, इथल्या हॉस्पिटलात आचारी. मुग्धा लिमरिकला शिकायला होती तेव्हा त्याच्याच घरी भाड्यानं राहायची. त्यानं मला कोबीचं सूप आणि पाव दिला.

"पाव," मी म्हणालो.

"पाँव," तो म्हणाला. दोघंही खूश. पाव, बटाटा, चावी हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत, हे मला ठाऊक होतं.

क्लब इतका लहान की टीव्हीवर मॅच येत नाही. स्टेडियमला लागूनच जोआकिमचं गावाकडचं घर आहे. त्याची बहीण बाल्कनीच्या कठड्याला फोन बांधते आणि तेच चित्र इथल्या भिंतीवर दिसतं. पलीकडे दगडी टेकडी, अलीकडे वाळत घातलेली गोधडी. अलीकडचा गोलपोस्ट त्या गोधडीमागेच. चेंडू तिकडे गेला की सगळा हॉल गोधडीला शिव्या द्यायचा.

"लहानपणी चेंडू आमच्या अंगणात यायचा," जोआकिम म्हणाला. "आई आधी ओरडायची, मग चेंडू द्यायची."

मध्यंतरात तो मुग्धाला शेगडीपाशी घेऊन गेला आणि हळू आवाजात पोर्तुगीज बोलू लागला. मी कोटांच्या स्टँडमागे उभा. एक शब्द कळेल तर शपथ! पण एक कळला. "चाव." पुन्हा "चाव." त्यानं तिच्या तळव्यात काहीतरी ठेवून तिची मूठ मिटली.

मी सरळ जाऊन उभा राहिलो. "कसली चावी, मुग्धा?"

तिचा चेहरा उतरला. उत्तर जोआकिमनं दिलं, त्याच्या इंग्रजीत. "हॉलची. बावीस वर्षं मीच उघडतोय. मार्चमध्ये मी गावी चाललो, कायमचा. आता ही उघडेल."

मार्चमध्ये. मी मुग्धाकडे बघितलं.

"करार वाढवलाय मी, बाबा. तीन वर्षं. तुम्ही आल्यापासून सांगायचा ट्राय करतेय."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या सत्रात गोधडीमागे गोल झाला. कोणी केला ते बघायची माझी इच्छा नव्हती. जोआकिम शेजारी येऊन बसला.

"तुमच्या घरातून ग्राउंड दिसतं?"

"पार्किंग दिसतं," मी म्हणालो. "तुमच्या घरचं कोणी येतंय बरोबर?"

"मुलगी इथेच राहणार. मी जातोय म्हणून दोन आठवडे बोलली नाहीये माझ्याशी."

मी माझ्यातला अर्धा पाव त्याच्यापुढे सरकवला.

परतीच्या वाटेवर मला राहून राहून जकात नाकाच आठवत होता. पस्तीस वर्षं मी लोकांच्या ताडपत्र्या उचलल्या. खाली माल सापडला की आनंद व्हायचा. या वेळी माल सापडला, आनंद नाही झाला.

घरी आल्यावर तिनं हॉलची चावी टेबलावर ठेवली. मी खिशातली माझी चावी काढून तिच्याच कडीत अडकवायला गेलो. कडी घट्ट होती, नख तुटलं.

"ही कसली?"

"घराची. नवं लॅच बसवलंय."

तिनं कडी माझ्या हातातून घेतली, दातांनी उघडली आणि चावी आत सरकवली. दोन्ही चाव्या तिनं मुठीत धरल्या. मग चहा टाकायला उठली. मार्चचा विषय मी काढलाच नव्हता.