साहेबांच्या जागेवरची टिटवी

तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसमागे तेव्हा मोकळं माळरान होतं. पावसानंतर तिथे गुडघाभर गवत माजायचं. मे महिन्यात, तिकडचे लोक ज्याला अग्नि नक्षत्रम म्हणतात त्या दिवसांत, करपलेली खुंटं आणि तडकलेली माती तेवढी उरायची. त्यातलाच एक तुकडा सपाट करून पार्किंग केलं होतं. दारालगतची जागा मॅनेजरसाहेबांची.

साहेब दोन आठवडे दौऱ्यावर गेले आणि तिथे माळटिटवीने चार अंडी घातली. घरटं कसलं, खडे सारून केलेला खळगा! माझा पाय पडणारच होता, पण टिटवी किंचाळत अंगावर आली.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी मैलापूरची, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ.

"साहेबांना सांगू या?" मी विचारलं.

"नको. पाटी लावू."

'परदेशी पाहुण्यांसाठी राखीव' अशी इंग्रजी पाटी मी छापली आणि काठीला बांधून रोवली. साहेब परतले, पाटी वाचली आणि निमूटपणे गाडी लांब उन्हात लावू लागले. रोज घामाघूम होऊन आत येत. आम्ही दोघं मान खाली घालून काम करत असू.

टिटवीचे हाल त्याहून वाईट. एसीच्या पाण्याच्या डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायची. ते पाहिलं की साहेबांबद्दलची दया पार पळून जाई.

आणि एक दिवस खरोखरच परदेशी पाहुणे आले. वॉचमनने सलाम ठोकून त्यांची गाडी थेट पाटीकडे वळवली! मी जिन्यावरून धावत सुटलो. मैलापूरची माझ्याआधी पोचून दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभी होती. टिटवी पाहुण्यांच्या टकलावर झेपा घालत होती. पाहुणे मात्र खूश. मीटिंग सोडून अर्धा तास फोटो काढत बसले.

पाहुण्यांना घ्यायला खाली आलेले साहेब माझ्याकडे वळले. "पाटी तुझी ना?"

"कशावरून, सर?"

"स्पेलिंगवरून."

त्यांनी खिशातून पेन काढून चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं आणि वॉचमनला बजावलं, "पिल्लं निघेपर्यंत पाटी हलता कामा नये."

चौथ्या दिवशी पिल्लं निघाली. लगेच पायांवर उभी राहून आईमागे माळात पळालीसुद्धा. ती फक्त साहेबांनी पाहिली. आम्हा दोघांना त्यांनी मुद्दाम मीटिंगला बसवलं होतं.