कांड्यांतले पिवळे ठिपके

आमच्या शेगडीच्या पोटातून निघालेला ऐवज मी लोणच्याच्या बरणीत जपून ठेवला आहे. कोणी विषय काढो न काढो, मी ती बरणी दाखवतो. तीत एक वाकडा खिळा आहे, सुतळीचा जळका गुंता आहे, गोगलगायीचा शंख आहे आणि सदऱ्याचं एक बटण आहे, ज्याच्या मालकाची मला अजून काळजी वाटते. बाकी सगळी बरणी पिवळ्या प्लॅस्टिकच्या चुऱ्याने भरलेली आहे, आणि माझा अख्खा उन्हाळा त्या चुऱ्यापायी वाया गेला.

पवनारला रस्त्यालगत आमची खानावळ आहे. आमची म्हणजे बायकोची. मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना गप्पा वाढतो. लग्न झाल्यापासून ती लाकडाच्या चुलीवर रांधत आली आणि त्या धुराने तिच्या छातीत कायमचं बिऱ्हाड केलं. ती खोकायला लागली की जेवणारी माणसं घास हातात धरून थांबत. शेवटी डॉक्टरांनी सुनावलं, "धूर बंद करा, नाहीतर स्वयंपाक बंद करा." स्वयंपाक बंद करणं तिच्या स्वभावात नाही. सिलिंडरवर दोन वेळच्या पंगती उठवणं आमच्या आवाक्यात नाही. म्हणून पेलेटची शेगडी आणली.

पेलेट म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. कापूस वेचून झाला की उभी पऱ्हाटी उपटतात, कारखान्यात तिचा भुसा करतात आणि तो दाबून या कांड्या पाडतात. त्या वरच्या डब्यात ओतायच्या. खालचा स्क्रू त्यांना हळूहळू आगीकडे ढकलतो आणि पंखा वारा घालतो. विकणाऱ्याने जाळावर पांढरा रुमाल धरून दाखवला. रुमाल पांढराच राहिला. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. पुढे बरेच दिवस बायको खोकली नाही, आणि ते श्रेय मी गावभर स्वतःच्या नावावर खपवलं.

मग एक दिवस ऐन पंगतीत शेगडीने दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि ती विझली. स्क्रूत खिळा अडकला होता. दुसऱ्या दिवशी सुतळी निघाली. नंतरच्या पोत्यातल्या कांड्यांवर पिवळे ठिपके दिसले, आणि त्या पेटल्या तसा जळक्या चपलेसारखा वास सुटला. बायकोने पदर नाकाला लावला. खोकला आला, आणि या वेळी मुक्कामालाच आला.

"पायलं का जी, तुमची शेगडी!" ती म्हणाली. "लाकडाचा धूर तरी ओळखीचा होता. हे आठवडाभरात नीट करा, नाई तं मी चूल पेटवतो."

चूल पेटली की तिची छाती गेली, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी बरणी काखोटीला मारली, स्कूटर काढली आणि वाटेत भाषणाची तालीम करत कारखान्यात पोचलो.

भाषण जोरात झालं. कारखानदाराने सुपारी कातरत ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, लोखंड असंन तं आमचा चुंबक धरते. खिळा सुटला, मानतो. पण प्लॅस्टिकले चुंबक काय करन? या, तुमाले गंमत दाखवतो."

आवारात पऱ्हाटीचा ढीग होता. ढिगातून एक काठी वर आली होती आणि काठीला तारेने बांधलेलं पिवळं नरसाळं, त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी. बोंडअळीच्या पतंगांचा सापळा. मादीच्या वासाची गोळी वर असते, बिचारा नर आशेने येतो आणि पिशवीत पडतो. असे कैक सापळे त्या ढिगात होते.

"कोण्या गाढवाचा माल हाय हा?" मी गरजलो.

"हिंगणीचा," तो म्हणाला. "तुमच्या साळ्याचा."

उरलेलं भाषण घेऊन मी स्कूटर हिंगणीकडे वळवली.

हिंगणीला साळा अंगणात बाजेवर पडून कलिंगड खात होता. मी बरणी त्याच्या नाकासमोर हलवली. "सापळे काऊन काढले नाई रे?"

"मुद्दाम ठेवले भाऊजी!" तो अभिमानाने उठून बसला. "शेतकीचे सायेब म्हणे, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, अळी लपून राह्यते. म्हटलं, मंग पतंगही कायले ठेवायचे? जाऊ द्या भट्टीत, सारा खानदान!"

"अरे, पिशवीतले पतंग मेलेलेच असतात!"

"मेले असतीन. पण भरोसा काय?"

मी कपाळ बडवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष कलिंगडात होतं. "अन् तो पिवळा धूर तुह्या बहिणीच्या छातीत जाऊन राह्यला, त्याचं काय?"

त्याने फोड खाली ठेवली. "मले काय माहीत, ते फिरून आपल्याच घरी येते म्हून."

कारखानदार पोती परत घेईना. उघडली ती तुमची, म्हणे. पुढचा माल साफ देतो असं म्हणाला, एवढंच. मी ती पोती धाम नदीकाठी पुरायला निघालो, तर बायकोने दारातच अडवलं.

"गहू निवडते माणूस, तांदूळ निवडते. मंग हे काऊन नाई?" आणि सूप माझ्या हातात दिलं. "अन् माह्या भावाले सकाळच्या बसने बोलवा."

असे आम्ही दोघे आता खानावळीच्या मागच्या ओसरीत बसतो. मी पाखडतो, साळा परातीत पिवळ्या ठिपक्याच्या कांड्या वेगळ्या काढतो. गिऱ्हाइकं हात धुवायला मागे येतात आणि विचारतात, "काय भाऊ, आज कांड्यांची खिचडी का?" मी कावून सूप आणखी जोरात आपटतो. साळ्याला मात्र हे काम आवडायला लागलंय. मी टाकलेल्या कांड्या तो पुन्हा तपासतो आणि म्हणतो, "भाऊजी, तुमाले दिसत नाई बरोबर."

काल आतून खोकला ऐकू आला. माझं सूप थांबलं, त्याची परात थांबली. आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मिरचीचा ठसका होता जी!" आतून आवाज आला. "हात चालवा दोघंही."

साळ्याने श्वास सोडला आणि पुढची ओंजळ परातीत पसरली.