शंभर पाण्यांचं तूप

आमच्या घरात चहाला पातेलं शिल्लक नाही, याची इतिहासात कुठेतरी नोंद व्हावी. एकात कोरफड, दुसऱ्यात रिठे, तिसऱ्यात झाकण ठेवलेलं असं काहीतरी, की त्याचा वास मलाच ओळखू येत नाही. परवा सकाळी मी फोडणीच्या कढल्यात चहा केला... मोहरीसकट प्यायले.

तक्रार करणार कुणाकडे? गुन्हेगार मीच. पन्नाशी आली की माणसं गुडघ्यांना तेल लावतात. मी भाटघर धरणाच्या वर, सासरच्या शेतावर 'नॅचरल स्किनकेअर'चा धंदा काढला. हळद आमची, तूप आमच्या गाईंचं आणि हसणारा गावही आमचाच.

आमचा मुख्य माल म्हणजे शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं घालायचं... शंभरदा. शेवटी पांढरंशुभ्र क्रीम होतं आणि मनगट आपलं राहत नाही.

या कामाला शेजारच्या मालनकाकू सावडीने आल्या होत्या. म्हणजे आज त्यांनी माझ्याकडे राबायचं, मग मी त्यांच्या भातलावणीला जायचं. "लावणीचं बघू हं काकू, बिझनेसमधून वेळ मिळाला तर," असं मी वर म्हणालेही होते.

पुण्यातल्या एका दुकानाची पहिलीच ऑर्डर होती. दुसऱ्या दिवशी बेंदूर, पण सण बाजूला ठेवून भोरहून सकाळच्या एसटीने मीच माल नेणार होते. पहिल्याच खेपेला शब्द चुकला, तर पुन्हा कोण विचारतंय?

संध्याकाळी डब्या पुसून परात घ्यायला पडवीत आले. परात रिकामी... चाटूनपुसून रिकामी. शेजारी हळदीचा डबा उघडा.

तशीच गोठ्यात गेले. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. आमचे सासरे, आबा, ते अगदी भक्तिभावाने करत होते. दोन्ही बैलांना मानेपासून वशिंडापर्यंत माझी ऑर्डर लावलेली! बैल डोळे मिटून उभे.

"आबा... ते तूप..."

"पानी शिरल्यालं त्यात. पांढरं पडलं व्हतं. म्हनलं, खायाच्या कामाचं न्हाई, बैलास्नी लावू."

"अहो, ते पुण्याच्या बायकांच्या चेहऱ्यासाठी होतं!"

आबांचा हात थांबला नाही. "त्या वढत्यात का नांगूर?"

माझ्या ओरडण्याने मालनकाकू धावत आल्या. आधी गोठ्याची मेढ धरून पोटभर हसल्या. मग माझं तोंड बघितलं, घरी गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. उद्याच्या पुरणपोळीवर घ्यायला महिनाभर साठवलेलं तूप.

मी नको नको म्हणत होते. "पोळी कोरडी बी जाती घशाखाली. तुज्या डब्या रिकाम्या कशा जात्याल पुन्याला? बस बया, घाल पानी."

पुन्हा शंभर पाणी. आबांनी माफी वगैरे मागितली नाही... पण पाण्याची कळशी मला एकदाही उचलू दिली नाही.

माल वेळेवर पोचला. दुकानाच्या मालकीणबाईंनी वास घेऊन विचारलं, "प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही ना?" मी घाईघाईने डब्या मोजायला घेतल्या.

काकूंच्या घरी सणाची पोळी कोरडीच गेली. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. लावणीचं तर नावही काढलं नाही.

काल सकाळी फोन घरी ठेवला, साडी खोचली आणि त्यांच्या भातखाचरात उतरले. चिखलातून रोपांची एक मूठ उचलली. काकूंनी मान वर केली नाही... ओळीत मी मावेन एवढ्या फक्त सरकल्या.