मैदानाचा नारळ

आमच्या गावाला माणूस डोक्यावर घ्यायला फार वेळ लागत नाही आणि खाली ठेवायला तर त्याहून कमी लागतो. मॅनेजरच्या वाट्याला दोन्ही आलं. यंदा मैदानावर नवी मॅट आली, तेव्हा ज्यांनी त्यांना खाली ठेवलं होतं त्यांनाच ते पुन्हा हवेसे वाटायला लागले.

मॅनेजर म्हणजे आमच्या कबड्डी संघाचे जुने मॅनेजर. गाव त्यांना तोंडावर आबा म्हणतं आणि पाठीमागे मॅनेजर. मनातल्या मनात मी त्यांना बरीच वर्षं अरे-तुरे करत आले. इथे अहो-जाहो करते आहे, ते आईला वाईट वाटू नये म्हणून.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि लोक ऊस तोडायला बाहेर पडतात. अशा गावात त्या माणसाने स्वतःच्या रानातला रस्त्याकडेचा तुकडा सपाट केला, दगड-गोटे वेचले, माती चाळून अंथरली आणि पोरांना अंधारातच घरोघरी जाऊन उठवायला सुरुवात केली. गूळ-शेंगदाणे त्यांच्या घरचे. गावात जमीनदार आणखीही होते, पण आपलं चांगलं रान पोरांना लोळायला देणारे हे एकटेच. पूर्वी परगावी आमचं नाव सांगितलं की लोक ‘ते ऊसतोडीचं गाव का?’ म्हणायचे. पुढे ‘ते कबड्डीवालं का?’ म्हणायला लागले. हे त्यांचं देणं आहे, मी नाकारत नाही.

आता दुसरी बाजू. तोंडाचे अतिशय फटकळ. भर गर्दीत पोराची आईबापासकट आठवण काढायचे. जिंकायची चटक लागल्यावर बाहेरचे खेळाडू आणायला लागले, आणि आमची पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेबाहेर बसायला लागली. शेवटी चौसाळ्याला पंचाने एक चढाई बाद दिली म्हणून त्यांनी चालू सामन्यातून संघ बाहेर काढला. त्यानंतर आम्हाला कुठलं आमंत्रण येईना. मग गावाने मैदानावरचा त्यांच्या नावाचा फलक उतरवला आणि त्यांना घरी बसवलं. फलक उतरवताना पाना कुणी धरला होता हे मला माहीत आहे. यंदा मॅटच्या उद्घाटनाला आबाच पाहिजेत म्हणून सगळ्यात मोठ्याने बोलणारा तोच होता.

ह्याचं कारण सरळ आहे. त्यांच्यानंतर आमचा संघ पहिल्या फेरीतच घरी यायला लागला. हरणाऱ्या माणसांना जुने दिवस फार गोड लागतात.

मी महालक्ष्म्या उरकून माहेरी आले होते. बीडला शाळेत शिकवते, रजा होती. दादाच्या ओट्यावर ही सगळी मंडळी जमली होती, कारण आमच्या गावची एक रीत आहे. मैदानाचा नारळ गावातल्या सगळ्यात नामी रेडरच्या, म्हणजे चढाई करणाऱ्याच्या, घरून जातो. घरची बाई त्याला हळदकुंकू लावून देते आणि तो कुणाच्या हातून फुटावा हे ते घर सांगतं. खरं तर हा नुसता मान. मंडळी आधीच ठरवून येतात, घर मान डोलावतं, चहा होतो. मान दादाचाच होता. त्याच्यासारखा रेडर नंतर गावात झाला नाही.

ओट्यावर बरीच घासाघीस झाली. एकाने चौसाळ्याचा विषय काढला, तर दुसरा म्हणाला, पंचाचंच चुकलं होतं. चौसाळ्याला तो गेलाच नव्हता, तरी बोलला. कुणी म्हणालं, तोंड वाईट होतं, पण पोरांना शिस्त होती. कुणी म्हणालं, थंडीतली गावची स्पर्धा दसऱ्याच्या आधी आणली ती त्यांनीच, म्हणून तर तोडीला जाणाऱ्या पोरांना आता खेळायला मिळतं. ते खरंच होतं. गाडी हळूहळू आबांच्या बाजूला कलली. दादा तर पहिल्यापासून तिकडेच होता. शेवटी पान्यावाल्याने विचारलं, मग आबांच्याच हातून ना?

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने ताट खाली ठेवलं.

“नारळ म्या देनार न्हाई,” ती म्हणाली.

दादाने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. वहिनी आत निघून गेली आणि मंडळी चहा तसाच टाकून उठली.

तिला काय म्हणायचं होतं ते त्या ओट्यावर मला एकटीलाच कळलं असावं. कारण त्या साली तिच्याबरोबर मी होते.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दादा-वहिनीचं नुकतंच लेकरू झालेलं, मुकादमाला शब्द गेलेला, बोचकी बांधून तयार. आणि मॅनेजर घरी आले. धारूरला मोठी स्पर्धा होती, दादाशिवाय संघ उभा राहत नव्हता. अंगणात बाजेवर बसून त्यांनी वडिलांना विचारलं, पोरगा एक हंगाम मला द्या. आईला विचारलं. दादाला विचारलं, तो तर केव्हाचा तयार होता. पोलीस भरतीत खेळाडू म्हणून नंबर लागेल असंही ते बोलले. वडील म्हणाले, पण कोयता मोडतोय त्याचं काय? मॅनेजरनी अंगणात इकडे तिकडे बघितलं. मी दाराशी उभी होते.

“ही हाय की,” ते म्हणाले.

झालं. माझं कॉलेज त्या वर्षी बुडालं. वहिनीने चहा आणून दिला, त्यांनी चहाचं तोंडभरून कौतुक केलं आणि गेले. तिला कुणी काही विचारलं नाही.

त्या हंगामात आम्ही दोघी मिळून एक कोयता होतो. वहिनी तोडायची, मी मोळ्या बांधायची, आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरमध्ये दोघीही चढवायचो. लेकरू उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याच्या पाल्याच्या, सावलीला निजवलेलं असायचं. गडीमाणूस सोबत नसलेल्या दोघींना तोडकऱ्यांच्या तळावर, त्या खोपटांच्या वस्तीत, काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी लिहिणार नाही. वहिनीची पाठ तेव्हा जी धरली ती अजून सुटलेली नाही. सकाळी ती भिंतीला हात लावून उठते.

आणि तरी मी खेळाची वेडी होते, हेही सांगितलं पाहिजे. धारूरच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मुकादमाच्या मागे लागून मी त्याचा फोन घेतला. मैदानावर आमच्या गावच्या एकाने आपला फोन भोंग्याकडे धरला होता. खरखर जास्त आणि शब्द कमी, पण शेवटच्या चढाईत दादा तिघांना घेऊन परत आला एवढं कळलं. मी उसाच्या फडात उभी राहून ओरडले. वहिनी मोळी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

“झालं का?” ती म्हणाली. “टॅक्टर भरायचाय.”

गावाने दादाची मिरवणूक काढली. ती मी फक्त फोटोत बघितली. भरतीत तो उंचीत बसला नाही. पुढच्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ संपला. सामने थंडीत असायचे तेव्हा दादा फडातून तेवढ्यापुरता यायचा, वहिनी मात्र दरवर्षी फडातच. सामने दसऱ्याआधी आले तोवर दादा खेळायचा थांबला होता. आपल्या नवऱ्याला खेळताना तिने कधी पाहिलंच नाही.

मंडळी गेल्यावर दादा चिडला. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाला. आबांनी मला माणसात आणलं म्हणाला. वहिनी भाकरी थापत होती. मला वाटलं आता जुनं सगळं बाहेर निघणार, आणि खरं सांगायचं तर ते निघावं अशी माझी फार इच्छा होती. पण ती शांतपणे एवढंच बोलली, “त्यांनी घरी यावं. तवा समद्यास्नी इचारलं, मला न्हाई इचारलं. आता इचारावं. मंग नारळ देते.”

दादाला हा हट्ट वाटला. जुनं झालेलं आता विचारून काय उपयोग, असं तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी म्हटलं, जाऊन निरोप दे, नाहीतर मी जाते. तो गेला. जाताना दार आपटलं.

आबा दुसऱ्याच दिवशी आले, काठी टेकत, एकटे. मी त्यांना कितीतरी वर्षांनी बघत होते. अंगाने निम्मे झाले होते. बाज तीच होती, फक्त नवार बदललेली. दादा उभाच राहिला. वहिनीने चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला, चहाबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. निरोप नीट पोचला होता.

“सूनबाई, त्या साली तुला इचारायचं ऱ्हाऊन गेलतं,” ते म्हणाले.

“आता इचारा,” वहिनी म्हणाली.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. “तुझ्या नवऱ्याला या हंगामाला ठिवून घेऊ का?”

वहिनीने दादाकडे एकदा बघितलं. मला वाटलं आता ती मन मोठं करेल, आपल्याकडे बायका करतात तसं.

“न्हाई,” ती म्हणाली. “न्हाई, आबा. मला ते एकटीला जमनार न्हाई.”

“बरं,” आबा म्हणाले. दादा खाली बघत होता. मग ते माझ्याकडे वळले. “अन् तुलाबी कुटं इचारलं हुतं. तू काय म्हनली असतीस?”

या माणसाला काय काय सुनवायचं, याची मी कित्येक वर्षं तयारी केली होती. बुडालेलं कॉलेज, तळ, वहिनीची पाठ, सगळं ओळीने लावून ठेवलेलं होतं. पण विचारलं तेव्हा तोंडातून खरं ते निघालं.

“म्या हो म्हनलं असतं,” मी म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली आणि वहिनीकडे बघवेना. ती मात्र कपबशी उचलत होती.

“ते म्हाईत हाय मला, ताई,” ती म्हणाली. “फडात कसल्या वरडल्या हुत्या तुमी.”

उद्घाटनाच्या दिवशी तिने नारळाला हळदकुंकू लावलं आणि स्वतः मैदानावर घेऊन आली. मॅटवर नारळ फोडायचा नसतो, पाणी सांडलं तर पोरं घसरतात. तो बाहेर दगडावर फुटला, आबांच्या हातून. टाळ्या भरपूर झाल्या. पान्यावाल्याने सगळ्यात जास्त वाजवल्या.

नारळ फुटला की ज्याच्या घरून तो आला त्याने एक मानाची चढाई करायची, अशीही रीत आहे. दादाने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोट सुटलेला, एक पाय जपून टाकणारा माझा भाऊ ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत रेषेपलीकडे गेला, समोरच्या पोरांनी मान राखून त्याला शिवू दिलं आणि तो परत आला.

वहिनी माझ्या शेजारी पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिने हे सगळं नीट बघून घेतलं.

“एवढंच असतंय व्हय, ताई?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “एवढंच.”