चर्चच्या कुंपणावरचं पोस्टर

सिंगापूरमध्ये, बुकित बातोकमधल्या आमच्या इमारतीत, आमच्या दोन मजले खाली, एक चिनी आंटी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस पकडायला मी सकाळी खाली उतरायचे, तेव्हा त्या पटांगणात हातपाय हलवत असायच्या. तिथेच आमची ओळख झाली. पुढे शनिवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग घ्यायला मी जागा शोधत होते, तेव्हा त्यांनीच आपल्या चर्चचा बाजूचा हॉल मिळवून दिला. "शनिवारी तो रिकामाच असतो," एवढंच म्हणाल्या. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असायची. मुलांना काय शिकवणार, कोणाची प्रार्थना म्हणणार, हे ना त्यांनी कधी विचारलं ना चर्चमधल्या दुसऱ्या कोणी.

त्या वर्षी निवडणूक लागली आणि आंटींची मुलगी आमच्याच भागातून उभी राहिली. पेशाने वकील, चाळिशीची. लहानपणापासून याच चर्चमध्ये वाढलेली. मतदानाला थोडेच दिवस होते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर उमेदवारांचे चेहरे झळकायला लागले. मला त्याची गंमत वाटायची, पण लांबूनच. मी इथे नोकरीच्या पासवर राहणारी परदेशी बाई. मला मत नाही आणि प्रचारात नाक खुपसायची मुभाही नाही.

त्या शनिवारी आंटी आणि मी हॉल उघडायला गेलो, तर चर्चच्या फाटकाशेजारी, कुंपणाच्या जाळीला त्यांच्या मुलीचं मोठं पोस्टर बांधलेलं होतं.

"आंटी, बघा तरी!" मी आनंदाने ओरडलेच.

आंटी थांबल्या. बराच वेळ पोस्टरकडे बघत राहिल्या. "केस नीट बांधायला हवे होते हिने," असं पुटपुटल्या. मग त्यांचा चेहरा एकदम कठीण झाला. "हे इथे चालणार नाही."

"पण तुमची मुलगी आहे ती!"

"मुलगी माझी आहे. कुंपण माझं नाही. उद्या इथे दोनशे माणसं प्रार्थनेला येतील. ती सगळी हिलाच मत देणार आहेत का? जो देणार नाही, त्याने या फाटकातून आत येताना काय वाटून घ्यायचं?"

पुण्यात आमच्या गल्लीतल्या देवळाच्या ट्रस्टवर माझे वडील होते. निवडणूक आली की देवळाच्या सभामंडपात सभा व्हायची, उमेदवार आरतीचं ताट हातात घ्यायचे, आणि दारावर त्यांचे फलक देवाच्या कमानीपेक्षा मोठे लागायचे. वडील हौसेने खुर्च्या मांडायचे. समोरच्या बिऱ्हाडातले काका दुसऱ्या पक्षाचे. त्या दिवसांत ते देवळात यायचे नाहीत, बाहेरूनच हात जोडून जायचे. मी त्यांना तसं जाताना कितीदा तरी पाहिलं होतं. त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो सिंगापूरच्या त्या फाटकापाशी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

मुलांच्या हस्तकलेसाठी आणलेली कात्री माझ्या पिशवीत होती. मी ती काढली, तर आंटींनी माझं मनगटच धरलं.

"निवडणुकीचं पोस्टर आहे. आपण हात लावायचा नाही. ज्यांनी बांधलं ते काढतील. आणि तू तर मुळीच नको! पास घालवायचाय का?"

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. "संध्याकाळी नाही. आत्ता," हे शब्द मला दोनदा ऐकू आले. मग छत्री उघडून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मी आत वर्ग सुरू केला, पण माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं. कोणी आत येऊ लागलं की आंटी सांगायच्या, "चुकून लागलंय, काढायला येताहेत." गुडघेदुखीने बेजार असलेली ती बाई पाऊण तास उन्हात उभी होती. खुर्ची नेऊन दिली, तर तिच्यावर बसली नाही.

शेवटी मुलगी स्वतःच आली. प्रचारफेरी सोडून, घामाघूम, पक्षाचा शर्ट अंगात. बरोबर एक कार्यकर्ता होता, खाली मान घालून. तोही याच चर्चचा. आपलीच जागा, म्हणून त्याने उत्साहाने बांधून टाकलं होतं. मुलीने बाहेरच्या फुटपाथवर उभं राहून स्वतःच्या हाताने बंद कापले आणि स्वतःच्याच हसऱ्या चेहऱ्याची गुंडाळी केली. फाटक उघडं होतं. ती आत आली नाही. आंटींनी पाण्याची बाटली फाटकातून बाहेर दिली, तिने तिथेच उभी राहून रिकामी केली.

"आत ये ना, पंखा आहे," मी खिडकीतून म्हटलं.

तिने शर्टाकडे बोट दाखवलं. "हा घालून नको," ती म्हणाली. "सॉरी, मा." मग दोघं निघून गेली.

मायलेकींमध्ये ना वाद झाला ना उपदेश. जन्मापासून जिथे ती खेळली, त्या अंगणाच्या उंबरठ्यावर तिचे पाय आपोआप थांबले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॉलमध्ये विसरलेलं हजेरीचं रजिस्टर आणायला गेले तेव्हा प्रार्थना चालू होती. मी दारातच उभी राहिले. मुलगी मागच्या बाकावर बसली होती, साध्या निळ्या कपड्यांत. पाद्रींनी निवडणुकीसाठी प्रार्थना केली: जे उभे आहेत त्या सगळ्यांसाठी, जे मत देतील त्या सगळ्यांसाठी. एकही नाव घेतलं नाही. आणि त्या भरलेल्या सभागृहात एकही मान मागच्या बाकाकडे वळली नाही. बाहेर चहाच्या टेबलापाशी तिच्याभोवती माणसं जमली. बोलणं चाललं होतं ते आंटींच्या गुडघ्याचं आणि कोणाच्या तरी नव्या नातीचं. मी कडेला उभी राहून ऐकत होते. एवढी माणसं मिळून एक गोष्ट इतक्या सहजपणे जपताना मी कधी पाहिली नव्हती.

मुलगी हरली, थोडक्याच मतांनी. सकाळी मोबाइलवर निकाल वाचला आणि शिरा करून खाली घेऊन गेले. आंटींनी दार उघडलं. मुलगी सोफ्यावर गाढ झोपली होती, पायांत मोजे तसेच. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी म्हटलं, "निदान आईचं मत तरी तिला नक्की मिळालं."

आंटींनी चमचा खाली ठेवला. "मत गुप्त असतं, ला," इथल्या बोलीतला तो 'ला' शेवटी लावून त्या म्हणाल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या.

थोड्या वेळाने मुलगी डोळे चोळत आली आणि माझ्या शेजारी बसून तिने दोन वाट्या शिरा खाल्ला. वेलची ओळखली, केशर ओळखलं नाही. मग घड्याळ बघून उठली. ज्यांनी मत दिलं आणि ज्यांनी दिलं नाही, त्या सगळ्यांचे आभार मानायला तिला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जायचं होतं. जाताना आईने तिला आरशापुढे थांबवलं आणि केस घट्ट बांधून दिले.