जाळी असू दे

"एकदम नको, शेठ. जाळी असू दे." असं म्हणत काका दोन बोटांनी मच्छरदाणीच्या तुकड्याची कड उचलायचे, खाली डोकवायचे आणि निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशी ती पुन्हा सोडायचे. हळू बोलून आपलंच खरं करणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सिल्वासाच्या आमच्या इमारतीत ते काका होते.

पुण्याचे इंजिनियर, इथल्या धाग्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. मी धुळ्याकडून अशाच एका कारखान्यात हमालीला आलो आणि आज माझं लाईटचं होलसेल दुकान आहे. भावात मला अजून कोणी हरवलेलं नाही, आवाजातही नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचं बोलावणं मी स्वतः दारोदार जाऊन केलं होतं. भरीत, शेवभाजी, पुरणपोळ्या, सगळं घरी केलेलं. आले फक्त वॉचमन आणि काका. इतके मॅनेजर, इंजिनियर, त्यांच्या बायका, पण एकानं उंबरा ओलांडला नाही. आदल्या दिवशी सामान चढवताना लिफ्टवरून मी जरा बोललो होतो, एवढंच. उरलेल्या पोळ्या बायको डब्यांत भरत होती. ते डबे माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाहीत.

काका मात्र पोटभर जेवले आणि हात पुसत म्हणाले, "शेठ, माझ्या फिश टँकला चांगला लाईट हवाय."

टँक खाऱ्या पाण्याचा होता. दगडांवर हिरवी-जांभळी फुलं डुलत होती.

"यातलं खायचं काय?" मी विचारलं.

"दुधनीच्या तळ्यावरून मासळी येते तसला माल नाही हा," काका हसले. "ही प्रवाळं. दिसतात फुलं, पण प्राणी आहेत."

जुन्या मिणमिणत्या ट्यूबखाली बिचारी माना लांब करून जगत होती. मी दुकानातला सगळ्यात तेज लाईट बसवून दिला. काकांनी भावावरून चकार शब्द काढला नाही, त्यामुळे माझी सगळी मजाच गेली.

रविवारी बघायला गेलो, तर माझ्या लाईटखाली मच्छरदाणी! तीही घड्या घालून.

"काका, एवढा वाईट माल दिला का मी?"

"चांगला आहे म्हणून तर जाळी. त्यांना अंधाराची सवय. एकदम एवढा उजेड पडला तर आक्रसतात, पांढरी पडतात. थोडे दिवस गेले की एक घडी काढायची. मग आणखी एक. लाईटचा दोष नाही, शेठ. जोर आहे."

"मग कमी जोराचा घ्यायचा ना!"

"छे, हाच हवाय त्यांना. फक्त एकदम नको."

मला काही ते पटलं नाही. पुण्याचा माणूस लाईट विकत घेतो आणि वर झाकून ठेवतो, हे मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला हसून सांगत सुटलो.

तरी रविवारचा चहा काकांकडे ठरून गेला. एकदा तिथे तिसऱ्या मजल्यावरचे नाशिकचे मॅनेजर बसलेले दिसले. पुढे कधीतरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनीही आल्या. मग आणखी कोणी. "शेठ, तो वायरवाल्याचा किस्सा सांगा," असं म्हणून काका मला बोलतं करायचे. माझा आवाज चढला की मध्येच उठून जाळी सारखी करून यायचे. मला वाटायचं, प्रवाळांची काळजी.

हळूहळू लिफ्टमध्ये लोक दोन शब्द बोलू लागले. दिवाळीत वहिनींकडून फराळाचं ताट आलं. बायकोनं ते घासून, भरून परत दिलं आणि दिवसभर गुणगुणत होती.

मग काका आजारी पडले. मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि टँक माझ्या घरी आला. "जागा बदलली की सगळ्या घड्या पहिल्यापासून," त्यांनी बजावलं. तिथून फोन करायचे, पण स्वतःच्या तब्येतीचं विचारू द्यायचे नाहीत. "प्रवाळं उघडली का?" एवढंच विचारायचे. शेवटचा फोन मुलीचा आला.

त्या संध्याकाळी अख्खी इमारत माझ्या घरी आली. बोलावणं नाही, काही नाही. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं टँकभोवती खालीच बसली.

मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "काकांनी आम्हाला तुमच्यासाठी एकेक करून बोलावलं होतं, माहितीय? म्हणायचे, सगळे एकदम नका येऊ."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी प्रवाळ? हमाली करून वर आलेल्याला यांनी जपून जपून उजेडात आणलं? ते पोळ्यांचे डबे पुन्हा डोळ्यांसमोर आले. आता एकेकाला सुनवणारच होतो, तेवढ्यात नीट दिसावं म्हणून वहिनींनी मच्छरदाणी बाजूला सारली.

"ए! हात लावायचा नाही!"

वहिनींचा हात मागे गेला, खांदे आत ओढले गेले. मॅनेजर खुर्चीत मागे सरकले. माझ्या बायकोनं मान खाली घातली, रोजच्या सवयीनं. मी टँककडे पाहिलं. उघड्या लाईटखाली प्रवाळंही एकेक करून मिटत होती. अगदी तशीच.

प्रवाळ मी नव्हतो. मी लाईट होतो. ही सगळी माणसं आणि मी यांच्या मध्ये एक म्हातारा इतके रविवार जाळी धरून बसला होता, आणि त्याला मी दुकानात बसून हसलो होतो.

कुणाकडे बघायची हिंमत होईना. मी जाळी उचलली, पण घडी काही नीट बसेना. जरा वेळानं वहिनींनी पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

"किती घड्या घालायच्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो. इतक्या हळू, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.