होडीतल्या पोराचा बाप

"आधी गादी, मग आजोबा!" असं म्हणत आमचे इतिहासाचे सर फळ्यावर खालून वर लिहायला लागत. तळाशी राजा, त्याच्यावर बाप, त्याच्यावर आजा. फळा संपला की टेबलावर चढून भिंतीवर. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात रंगारी आला की त्याची पहिली शिवी सरांना.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडचे ते हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे राजे अभ्यासक्रमात कसेबसे उरकलेले. सर मात्र त्यांच्यावरून हलतच नसत. सिंधी ढंगात मला 'साईं' म्हणत सांगायचे, "बघ साईं, राज्य घेतलं तलवारीने. मग लिहिणारे बोलावले. लिहा, आमचा पूर्वज युद्धाचा देव! पुढे ख्रिस्ती झाले. आता त्या देवाचं काय करायचं? फेकला नाही हां. त्याला माणूस केला, आणि त्याच्या डोक्यावर बाप चढवत चढवत थेट आदमपर्यंत गेले." आणि स्वतःच खो खो हसायचे.

एका पूर्वजाशी मात्र हसू थांबायचं. जुन्या गोष्टीत एक तान्हं पोर होडीतून एकटंच किनाऱ्याला लागतं. कुणाचं, कुणालाच माहीत नाही. राजाच्या लेखकांनी त्यालाही बाप दिला, बायबलातला नोहा. म्हणे जलप्रलयात, त्याच्या तारवातच जन्मलं. "पोराला कुणी विचारलं का, साईं?" एवढं म्हणून सर खडू ठेवून द्यायचे.

तुमच्या लक्षात आलंच असेल. फाळणीत कराचीहून बोटीने सर आले ते एकटेच, जेमतेम तीन-चार वर्षांचे. बंदरावरच्या गर्दीत बापाचा हात सुटला. बापाचं नाव विचारलं तर "बाबा" एवढंच सांगता आलं. निर्वासितांच्या कॅम्पातल्या कारकुनाने बाप म्हणून एक नाव ठोकून दिलं. सही करताना सर ते गाळायचे. लग्न केलं नाही. कुणी म्हातारा कराचीचा आहे असं कळलं की हातातलं काम टाकून जायचे, त्याच्यासमोर बसायचे आणि हात हलवत परत यायचे. मला वाटायचं, पुरे करा की राव! पण बोलवत नसे.

एकदा त्यांना बदलापूर गावात आमच्या घरी जेवायला आणलं. वाढता वाढता आईने विचारलं, "कोनाचं म्हनायचं तुमाला?" आमच्याकडे हे सगळ्यांनाच विचारतात. सरांचा घास हातातच राहिला.

"किसी का नहीं, माँजी."

"आसं कसं? मंग आमचं समजा."

"नको माँजी," सर हळू आवाजात म्हणाले. "राजांनी खोटा बाप लावून घेतला. मला माझाच पाहिजे. नसेल मिळत, तर जागा रिकामी बरी."

आईला ते लागलं. तरी तिने आग्रह करकरून वाढलं.

नव्वद साली एका सकाळी सर त्यांच्या खोलीत गेलेले सापडले. खांदा द्यायला आम्ही स्टाफरूमवालेच. स्मशानात क्रियाकर्म करणाऱ्या महाराजांनी विचारलं, "बाप का नाम?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांना काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या माणसासमोर गप्प उभं राहवेना हो! कारकुनाने ठोकलेलं नाव तर जिभेवर येईना. मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. महाराजांनी ते उच्चारलं आणि पुढचा मंत्र सुरू केला.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, आता फाडून खाईल.

"नाव दिलंस ना?" ती म्हणाली. "मंग सूतक आलं. धा दिस फोडनी नाय."

सरांचं सूतक जगात कुणी धरेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बिनफोडणीचं वरण भातावर कालवलं आणि एकदम रडू कोसळलं. मी ताट सरकवलं.

आईने ते परत पुढे ओढलं. "रड," ती म्हणाली, "भाऊ गेलाय तुजा."